परदेशात स्वयंसेवक म्हणून जाताना: होस्ट फॅमिलीची पहिली भेट

नवखी

नमस्कार मंडळी. नऊ महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून परदेशी जाते आहे. काम काय, किती तास, सुट्ट्या कधी हे सगळं ठरलंय, व्हिसाही हातात आहे. राहायचं मात्र एका होस्ट फॅमिलीकडे आणि खरी धाकधूक त्याचीच आहे. कामावर दिवस वाईट गेला तर माणूस घरी येऊन दार लावून बसतो. इथे घरच परकं!

संस्थेने त्यांची अर्धं पान माहिती पाठवली आहे. नवरा-बायको, शाळेत जाणारा मुलगा, वरच्या मजल्यावर आजी, एक मोठा कुत्रा. सोबत एक फोटो. फोटोत सगळे हसतायत, त्यावरून काय कळणार?

पहिल्या मेलमध्ये काय लिहावं? भेट काय न्यावी? त्यांना हाक काय मारायची? पहिल्या संध्याकाळी काय बोलायचं आणि काय टाळायचं? खोलीत एकटीने बसलेलं उद्धटपणाचं दिसतं का? आणि अजिबात जमलंच नाही तर? अनुभवी मंडळींनी लिहा, प्लीज. ओरिएंटेशनमध्ये याबद्दल "ओपन माइंड ठेवा" एवढंच सांगितलं.

ओसरी

नवखी, अभिनंदन! मी वेगवेगळ्या घरांत राहिले आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

मेल आजच पाठव. त्यात शिक्षण, बक्षिसं वगैरे नकोत, ते त्यांनी अर्जात वाचलंय. रोजचं लिही. सकाळी लवकर उठतेस की उशिरा, काय अजिबात खात नाहीस, कशाची अ‍ॅलर्जी आहे, औषध चालू आहे का, त्यांची भाषा किती येते. शेवटचं अगदी खरं लिही. "थोडीफार येते" असं वाचून माणसं भराभरा बोलायला लागतात. आणि तू सहज ओळखू येशील असा साधा फोटो जोड. न्यायला आलं कुणी, तर गर्दीत त्यांना तुला शोधायचंय.

भेट लहान असू दे, सगळ्या घराला वापरता येईल अशी. महागडं काही दिलंस तर ते अवघडतात, परतफेड कशी करायची म्हणून. मुलासाठी छोटंसं वेगळं, आणि आजीला विसरू नकोस. पोस्टात ज्यांचा उल्लेख शेवटी होतो त्यांच्याशीच बऱ्याचदा दिवसभर गाठ असते. सामानात काय भरतेस ते मात्र आधी तपास. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू उतरताना जाहीर कराव्या लागतात, नाहीतर दंड. इतरही बऱ्याच देशांत असे नियम आहेत.

हाक काय मारायची ते सरळ विचार. कुणाला नावाने आवडतं, कुणाला नात्याने. अंदाज बांधत बसलीस तर महिनाभर "एक्स्क्यूज मी"वर काढशील. असे लोक मी पाहिलेत.

पहिल्या संध्याकाळी ते तुला घर दाखवतील आणि त्यातलं तुझ्या डोक्यात काहीही राहणार नाही, कारण प्रवासाने डोळे मिटत असतील. त्याचं टेन्शन नको. दुसऱ्या दिवशी निवांत पुन्हा विचार. दार रात्री कोण लावतं, किल्ली मिळणार का, सकाळी बाथरूम कुणाला केव्हा लागतं, कपडे धुण्याचा वार ठरलेला आहे का, फ्रिजमधलं न विचारता काय घेतलेलं चालतं, उशीर होणार असेल तर कुणाला कळवायचं. घरातली निम्मी कुरबूर या असल्या गोष्टींवरूनच होते. देश, धर्म, संस्कृती हे फार नंतर येतं.

आणि एक, सगळ्याला हसून हो म्हणू नकोस. पहिल्या दिवशी ज्याला हो म्हटलंस ते नऊ महिने गळ्यात पडतं.

भटकभवानी

ओसरीताईंना +१. विशेषतः त्या आजीच्या मुद्द्याला.

गप्पाष्टक

ओसरीताई, पत्राचं पटलं, शेवटचं नाही. दारातून आत आल्याआल्या हे खात नाही, ते चालत नाही, मला एकटीला वेळ लागतो असं सुरू केलं तर त्यांना वाटेल पाहुणी आली की तपासनीस? पहिले चार दिवस गोड बोलावं, घर कसं चालतं ते बघावं, मग हळूहळू आपलं सांगावं. आपण त्यांच्या घरात जातोय, ते आपल्या नाही.

ओसरी

गप्पाष्टक, तपासनीस व्हायला मी कुठे सांगतेय? दिवसभराच्या प्रवासानंतर जेवायची इच्छा नसेल तर "आज नको, उद्या नक्की" एवढं म्हणायला काय हरकत आहे? नको असताना ताट संपवलं की आवडलं असाच अर्थ निघतो, आणि मग तेच ताट पुन्हा पुन्हा पुढ्यात येतं. दोष त्यांचा नसतो. त्यांना कसं कळणार?

दूरचा मामा

धागा आत्ता पाहिला. मी पलीकडच्या बाजूने लिहितो. आम्ही बरीच वर्षं बाहेर स्थायिक आहोत आणि अधूनमधून स्वयंसेवक मुलं-मुली आमच्याकडे राहतात. म्हणजे तुम्ही जिला फोटोत बघताय ती "फॅमिली" म्हणजे आम्ही.

पहिली गोष्ट म्हणजे आम्हीही घाबरलेले असतो. पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात हटकून भांडण होतं. गाद्या कोणत्या, पडदे धुतले का, आणि थोरल्याने खोली रिकामी करताना कप्प्यात राहू दिलेल्या वायरी आणि तुटके खेळ कुणी उचलायचे. "रिकामी खोली" असं संस्थेच्या फॉर्मवर असतं, पण ती कुणाची तरी असते. आम्ही मारे एक कपाट मोकळं करतो आणि पोरं आठवडाभर बॅगेतूनच कपडे काढत राहतात, कारण कुठला कप्पा आपला ते विचारायचा संकोच. नवखी, पहिल्याच रात्री बॅग उघड आणि कपडे लाव. त्याने आम्हाला जेवढं बरं वाटतं तेवढं भेटवस्तूने वाटत नाही.

आता हो म्हणण्याबद्दल. आमच्याकडे एक मुलगी आली होती, अतिशय गोड आणि तितकीच भिडस्त. आमच्या बाथरूममध्ये गरम पाण्यासाठी आधी बाहेरच्या भिंतीवरचं बटण दाबावं लागतं, आणि मग नळाची मूठ वर उचलून डावीकडे फिरवावी लागते. नुसती फिरवली तर थंडच पाणी येतं. पहिल्या रात्री बायकोने तिला दाखवलं, तिने मान डोलावली. त्यानंतर कितीतरी दिवस ती पोरगी ऐन थंडीत गार पाण्याने अंघोळ करत होती. आमच्या धाकट्याच्या लक्षात आलं, कारण तिची अंघोळ चालू असताना बटणावरचा लाल दिवा कधी लागलेलाच नसे. तिला वाटत होतं, पुन्हा विचारून कशाला त्रास द्यायचा. बायकोला वाटलं, आपल्या घरात पोर कुडकुडतंय आणि आपल्याला पत्ता नाही. त्या दिवशी दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यामुळे गप्पाष्टक, तुमचा मुद्दा समजला, पण यजमानाला "सगळं छान आहे" या उत्तराचा काही उपयोग नसतो. "उशी फार उंच आहे, दुसरी मिळेल का" हे ऐकलं की आमचा जीव भांड्यात पडतो. करण्यासारखं काहीतरी मिळालं ना!

नवखी

मामा, बापरे. ती मुलगी म्हणजे हुबेहूब मीच असते.

एक विचारू का, जरा नाजूक आहे. या कुटुंबांना आपल्याला ठेवून घेण्याचे पैसे मिळतात का? म्हणजे मी पाहुणी समजायचं की पेइंग गेस्ट?

दूरचा मामा

नाजूक कसलं, विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. ते कार्यक्रमावर अवलंबून असतं.

एएफएस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या संस्थेत बहुतेक देशांत होस्ट फॅमिली विनामोबदला असते. ती संस्था १९१५ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक अँब्युलन्स चालकांची म्हणून सुरू झाली. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून. घर उघडणं हीच तिथे सेवा, म्हणजे यजमानही एक प्रकारे स्वयंसेवकच. उलट पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक कार्यक्रमात (१९६१ पासून) स्वयंसेवकाचं साधारण तीन महिन्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण स्थानिक कुटुंबात राहून होतं आणि कुटुंबाला खर्चापोटी पैसे दिले जातात. वूफ हे सेंद्रिय शेतांवर स्वयंसेवक पाठवणारं जाळं १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालं, तिथला हिशेब तिसराच. शेतावर ठरावीक तास काम, बदल्यात राहणं-जेवणं, पैशांची देवघेव नाही.

तुझं कुठल्या प्रकारात बसतं ते संस्थेला विचारून घे. पैसे मिळत असतील तर जेवण, अंथरूण, धुणं या गोष्टी मागताना चोरट्यासारखं वाटायला नको. मिळत नसतील तर आठवड्यातून एकदा भांडी घासायला स्वतःहून उभी राहा. पण पैसे मिळतात म्हणून कुटुंबाच्या मनात प्रेम नाही असं समजू नकोस. आम्हाला थोडे मिळायचे तेव्हाही गाद्यांवरून भांडण तेवढंच व्हायचं.

तिरपीट

एवढी तयारी लोक लग्नाआधी करत नाहीत हो! पूर्वी पोरं नुसता पत्ता घेऊन जायची आणि व्यवस्थित राहून यायची.

भटकभवानी

तिरपीट, जी व्यवस्थित राहून आली नाहीत ती सांगत नाहीत, एवढाच फरक.

नवखी, पत्त्यावरून आठवलं. होस्टचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेव, मोबाइलवर भरवसा नको. इमिग्रेशनला "कुठे राहणार, कुणाकडे, काय काम करणार" हे विचारतात, आणि होस्टचं आडनाव आठवेना झालं की समोरच्याची भुवई वर जाते. व्हिसाचा प्रकारही नीट बघ. तुझा झालाय म्हणतेस, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. फुकट काम म्हणजे काम नव्हे असं सगळे देश मानत नाहीत. युनायटेड किंग्डममध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते, त्याहून जास्त करायची तर चॅरिटी वर्कर व्हिसा वेगळा, तो १२ महिन्यांपर्यंत मिळतो.

आणि मुलीच्या जातीला म्हणून नव्हे, कुणालाही सांगीन की खोलीला आतून कडी आहे का हे जाण्याआधी संस्थेला विचार. यात संकोच करण्यासारखं काही नाही. घरातल्या मोठ्या माणसांची पोलीस पडताळणी झाली आहे का, संस्थेचं कुणी ते घर बघून आलंय का, हेही विचार. नीट चालणाऱ्या संस्थेकडे याची उत्तरं तयार असतात. "आमची सगळी कुटुंबं चांगली आहेत" असं गोलमोल आलं, तर पुन्हा विचार. माझ्या ओळखीतल्या एकीला विमानतळावर उतरल्यावर कळलं की कुटुंब बदललंय. नवीन घर चांगलं निघालं, पण पोहोचेपर्यंत तिच्या घरच्यांना ती कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

नवखी

हे सगळं वहीत उतरवते आहे.

आता खरी गोची सांगते. मला कुत्र्यांची भयंकर भीती वाटते. संस्थेच्या फॉर्मवर अ‍ॅलर्जीचा रकाना होता, भीतीचा नव्हता. आणि फोटोतला कुत्रा त्या मुलाच्या कंबरेपर्यंत येतोय. सांगू का? सांगितलं आणि त्यांनी मला नाकारलं तर? ऐनवेळी दुसरं घर कुठून मिळणार?

गप्पाष्टक

हे मात्र लगेच सांग. माझा "चार दिवस थांबा"वाला सल्ला इथे लागू नाही.

ओसरी

सांग, आणि मेलवरच सांग. दारात उभं राहून सांगायची ही गोष्ट नाही. कुत्रा अंगावर झेपावतोय, तू भिंतीला चिकटली आहेस, आणि ते "काही करत नाही गं तो" म्हणून हसतायत, असं व्हायला नको. तुझ्याकडून बोलणं होणार नाही आणि त्यांना वाटेल आपला लाडका कुत्रा हिला आवडला नाही.

दूरचा मामा

आमच्याकडेही कुत्रा आहे म्हणून सांगतो. आधी कळलं तर पट्टा लावून, दुसऱ्या खोलीत ठेवून, हळूहळू ओळख करून देता येते. पहिल्या भेटीत त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नकोस, पळू नकोस, जरा तिरकी उभी राहा आणि हात लावायची घाई करू नकोस. तो वास घेईल आणि कंटाळून जाईल. घरातला मुलगा या कामाला सगळ्यात चांगला, शिकवण्यात त्याला भारी मजा येईल आणि तुमची मैत्रीही होईल. नाकारण्याचं म्हणशील, तर कुत्रा असलेली माणसं भित्र्या पाहुण्यांना सरावलेली असतात.

पानगळ

थोडं पुस्तकी बोलते, रागवू नका.

ओरिएंटेशनमध्ये हमखास एक आलेख काढून दाखवतात, सुरुवातीला मधुचंद्र, मग उदासी, मग रुळणं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या अभ्यासातून १९५५ मध्ये ही इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची रेघ मांडली. त्याच सुमारास मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी "कल्चर शॉक" ही कल्पना लोकप्रिय केली. सगळं इतकं गुळगुळीत झालंय की पहिल्या आठवड्यात आनंद झाला नाही तर मुलांना वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे.

पण १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. मधुचंद्र वगैरे काही नाही. म्हणून नवखी, पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडू आलं तर ते कुटुंब वाईट आहे असा निष्कर्ष काढू नकोस, आणि घरी फोन करून तसं सांगूही नकोस. आई-बाबांची झोप उडेल आणि तू सकाळी ठणठणीत असशील.

तिरपीट

हे आवडलं. मागचा खवचटपणा परत घेतो, अर्धा.

भटकभवानी

पानगळ, सहमत, पण एक पुस्ती जोडते. रडू येणं वेगळं आणि असुरक्षित वाटणं वेगळं. कुणी न विचारता खोलीत येतं, पासपोर्ट "सांभाळायला" मागतं, कामाच्या तासांशिवाय घरातलं मूल सांभाळायला रोज बसवतं, बाहेर जाऊ देत नाही, यातलं काहीही झालं तर रुळण्याची वाट बघत बसायचं नाही. त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला फोन. पासपोर्ट तर कुणाच्याच हातात द्यायचा नाही.

घर बदलून मिळतं. बदलून घेणं म्हणजे त्या कुटुंबावर डाग नव्हे, तुझ्यावरही नाही. काही वेळा बस इतकी लांब पडते की तेवढ्यासाठीच बदलतात. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या युरोपियन युनियनच्या तरुणांसाठीच्या कार्यक्रमातल्या स्वयंसेवकांना कामावरच्या वरिष्ठाव्यतिरिक्त वेगळा मेंटर मिळतो, तो अशाच गोष्टी बोलण्यासाठी. तुझ्या कार्यक्रमात असं कुणी आहे का ते विचारून नाव-नंबर आधीच घेऊन ठेव. युरोपियन युनियनमध्ये असशील तर ११२ हा आपत्कालीन नंबर सगळ्या सदस्य देशांत चालतो.

नवखी

मंडळी, मेलचा मसुदा केलाय. त्यांच्या भाषेत ताई-दादांकडून तपासून घेईन, आधी मराठीत बघा:

"नमस्कार. मला तुमच्या घरी राहायला मिळणार याचा आनंद आहे. मी सकाळी लवकर उठते पण चहा होईपर्यंत फारशी बोलत नाही, तेव्हा मी रागावले आहे असं समजू नका. मी मांस-मासे खात नाही, बाकी सगळं खाऊन बघायची तयारी आहे. तुमची भाषा मला वाचता येते, बोललेली कळायला वेळ लागतो, कृपया सावकाश बोला. मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती वाटते. तुमच्या कुत्र्याशी ओळख करून घ्यायची इच्छा आहे, पण पहिले काही दिवस मला तुमची मदत लागेल. संध्याकाळी थोडा वेळ मी खोलीत एकटी वाचत बसते, ती माझी सवय आहे. आजींना माझा नमस्कार सांगा. माझं विमान रात्री साडेअकराला उतरतं. तुम्हाला कशाने हाक मारू?"

खोलीतल्या वाचनाचं ठेवू का? गप्पाष्टक म्हणतील, आलीच तपासनीस.

ओसरी

मस्त झालंय. "सगळं खाऊन बघायची तयारी" काढून टाक, तोच तो सगळ्याला हो म्हणण्याचा प्रकार. त्याऐवजी जे मनापासून आवडतं असं काही लिही, म्हणजे त्यांना बाजारात जाताना सुचेल. मांस-मासे नाही म्हणजे अंडं चालतं का, रश्श्यातलं चालतं का, तेही स्पष्ट कर. बऱ्याच ठिकाणी वरचे तुकडे बाजूला केले की झालं शाकाहारी, असा प्रामाणिक समज असतो.

गप्पाष्टक

तपासनीस नाही म्हणणार. पण वाचनाचं वाक्य काढ. पहिला आठवडा संध्याकाळी सगळ्यांबरोबर बस, भाषा कळो न कळो. मग खोलीत गेलीस तरी कुणाला खटकणार नाही.

दूरचा मामा

मी तर म्हणतो ठेव. आमच्या घरी दार बंद दिसलं की बायको बाहेर येरझाऱ्या घालते, हिला बरं नाही का, आपलं काही चुकलं का. वाचत बसली आहे हे माहीत असलं की प्रश्नच मिटतो. "दार बंद असलं तरी खुशाल टकटक करा" एवढं जोड.

आणि ते साडेअकराचं वाक्य मेलच्या अगदी वर घे, फ्लाइट नंबरसकट. न्यायला कोण येणार, ते की संस्थेचं माणूस, हे दोघांकडूनही लेखी घे. शाळेतलं पोर आणि आजी घरात असताना मध्यरात्री विमानतळावर येणं म्हणजे त्यांना कुणाला तरी घरी थांबवावं लागणार. उतरायला उशीर झाला तर फोन कुणाला करायचा तेही विचार, आणि पहिल्या रात्री संस्थेच्या हॉस्टेलवर राहून सकाळी घरी जाता येतं का बघ. सकाळी अकराला, झोप झालेली असताना भेटलेलं सगळ्यांनाच सोयीचं पडेल. कुत्र्यालाही.

नवखी

हॉस्टेलचं सुचलंच नव्हतं! आत्ताच कोऑर्डिनेटरला लिहिते. मेल रात्री पाठवते, वाचनाचं वाक्य ठेवून. सॉरी गप्पाष्टक.

गप्पाष्टक

चालायचंच. अंड्याचं विसरू नकोस.